पक्ष आधी, मत नंतर

माणसाची राजकीय मते कशी ठरतात, या विषयाची सुरुवात एका कोळ्यापासून करायला हवी. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात ठाम राजकीय मतांच्या ४६ जणांना चित्रे दाखवली गेली. त्यांत घाबरलेल्या माणसाच्या तोंडावर बसलेला मोठा कोळी होता, रक्ताळलेला चेहरा होता, किडे पडलेली जखम होती. त्वचेवरच्या घामातला सूक्ष्म बदल यंत्राने टिपला. फाशी, संरक्षणखर्च, इराकचे युद्ध यांचे समर्थक अधिक दचकले, असे २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आले. परंपरावादी माणूस मुळातच भित्रा, ही समजूत मग पुष्कळांनी उचलून धरली.

ती टिकली नाही. संशोधक बर्ट बाकर आणि सहकाऱ्यांनी सुमारे दोनशे लोकांवर तोच प्रयोग पुन्हा केला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात डाव्या-उजव्यांच्या दचकण्यात फरक आढळला नाही.

स्वभावाचा संबंध अजिबात नाही, असेही नव्हे. मानसशास्त्रज्ञ जॉन जोस्ट यांनी २००३ मध्ये सहकाऱ्यांसह १२ देशांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा अनिश्चितता नकोशी वाटणे आणि परंपरावादी मते यांचे नाते दिसले. पण कल म्हणजे व्याधी नव्हे. उदारमतवादी वळणाचे मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट १९९३ मध्ये तीन महिने भुवनेश्वरला राहिले. पुरुषांना वाढून बायका आत निघून जात, हे पाहून ते अस्वस्थ झाले. पुढे यजमानांशी जिव्हाळा जुळला, आणि कुटुंब, वडीलधारे, कर्तव्य यांवर उभी असलेली नीती त्यांना आतून कळू लागली. निष्ठा, अधिकाराचा मान, पावित्र्य हीसुद्धा नीतीची अंगे आहेत, असे ते मांडू लागले. त्या घरांतली विषमता त्यामुळे खोटी ठरत नाही. पण ती जपणारी माणसे डरपोक होती, असे म्हणता येत नाही.

राजकीय दुफळीचे मूळ स्वभावापेक्षा आपल्या-परक्याच्या भावनेत अधिक आहे. मानसशास्त्रज्ञ जेफ्री कोहेन यांनी २००३ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांपुढे गरिबांसाठीच्या सरकारी मदतीची योजना ठेवली. आपल्या पक्षाचा पाठिंबा आहे असे सांगितले, की परंपरावाद्यांना सढळ मदतीची योजना पटे आणि उदारमतवाद्यांना हात आखडता घेणारी. पक्षामुळे मत बदलले, हे मात्र दोघांनाही मान्य नव्हते.

ही तेढ घरातही शिरली आहे. मुलाची सोयरीक विरोधी पक्षाच्या घरात झाली तर वाईट वाटेल, असे म्हणणारे अमेरिकन १९६० मध्ये शंभरात पाचच्या आसपास होते. २०१० पर्यंत रिपब्लिकनांपैकी जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी तिसरा हिस्सा तसे म्हणू लागला.

मनातली अढी मात्र कमी होऊ शकते. मायामीतल्या एका प्रयोगात कार्यकर्ते मतदारांच्या दारी गेले. विषय तृतीयपंथीयांच्या हक्कांचा होता. त्यांनी भाषण दिले नाही. ‘वेगळे म्हणून तुम्हाला कधी कुणी हिणवले होते का?’ असे विचारले आणि ऐकून घेतले. दहाएक मिनिटांच्या त्या बोलण्याने मतदारांच्या मनातली अढी कमी झाली, आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचारले तेव्हाही ती कमीच होती.