संध्याकाळचा वर्ग आणि हजार रुपये
(गटाच्या कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण)



महापालिकेच्या शाळेच्या खोल्या संध्याकाळी दोन तास उघडायच्या, तिथे वस्तीतल्या मुलांचे वर्ग भरवायचे आणि ते चालवायला आपल्या गटाने ‘सेवाभावी’ बायका द्यायच्या, अशी विचारणा आपल्याकडे आली आहे. आज त्यावर ठरवायचं आहे. त्याआधी तामिळनाडूत काय झालं ते सांगते.

करोनाच्या साथीत तिथल्या प्राथमिक शाळा दीड वर्षाहून अधिक काळ बंद होत्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्य सरकारने ‘इल्लम तेडी कल्वी’ ही योजना काढली. घर शोधत आलेलं शिक्षण, असा या नावाचा अर्थ. सरकारी शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांसाठी संध्याकाळी तास-दीड तासाचा वर्ग, आणि तोही वस्तीतच. शिकवणारी त्याच गावातली. लहान मुलांसाठी बारावी झालेली, मोठ्यांसाठी पदवीधर. वाचन, गणित, जोडीला गोष्टी, गाणी, खेळ. योजना भरात असताना अशा सुमारे २ लाख स्वयंसेवक होत्या आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया. स्वयंसेवक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुरुष का येतो, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

मुलांना फायदा झाला का? झाला. अभिजीत सिंग, मॉरिसिओ रोमेरो आणि कार्तिक मुरलीधरन यांनी ग्रामीण तामिळनाडूतल्या सुमारे १९ हजार मुलांची पाहणी केली. शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत मुलांनी मागे पडलेल्यापैकी दोनतृतीयांश भरून काढलं, आणि त्यातला साधारण चौथा हिस्सा या संध्याकाळच्या वर्गांमुळे होता, असा त्यांचा अंदाज आहे. भरपाई गरीब घरांतल्या मुलांमध्ये अधिक दिसली. तेव्हा ‘अशा वर्गांनी काय होतंय’ असं आपण तरी म्हणू नये.

आपल्या वस्तीत सकाळच्या पाळीची शाळा दुपारी सुटते. आई धुण्याभांड्याची कामं आटपून सहा-सातला परतते. मधल्या वेळात धाकट्यांना सांभाळते ती सहावी-सातवीतली मुलगी. खाजगी शिकवणी हमरस्त्यापलीकडे. मुलगा जातो, तिला अंधार पडल्यावर कोण पाठवणार? वर्ग गल्लीतच भरला, धाकट्याला कडेवर घेऊन बसता आलं, तर ती येते. हे मी गृहभेटींत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून वर्ग हवेतच.

आता पैशाकडे येते. या कामाचे तामिळनाडूत महिन्याला १००० रुपये ठरले होते. महिन्याचे २४ दिवस, रोज दीड तास धरा. ३६ तास होतात. तासाला २८ रुपये. तक्ते बनवणं, जागा झाडणं, न आलेल्या मुलाच्या घरी जाऊन चौकशी करणं, हे त्यात नाहीच. शिकलेली सून ‘घरीच तर असते’, या एका वाक्यावर सरकारचा हिशोब उभा आहे. बाहेर पडायची संधी, गावात ‘टीचर’ म्हणून मिळणारा मान, यांचं मोल मी कमी लेखत नाही. पण मान मिळाला म्हणून मजुरी बुडवायची, हे आपण अंगणवाडीत पुरेसं पाहिलं आहे. तिथेही शब्द ‘मानधन’च. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, आणि त्या कायद्यापुरतं मानधन हे वेतनच मानलं. एकात्मिक बालविकास योजना १९७५ सालची. हिशोब करा.

दुसरी गोष्ट टिकण्याची. तामिळनाडूची योजना सुरुवातीला सहा महिन्यांसाठी आखली होती. अमेरिकेत गरीब वस्त्यांतल्या शाळांसाठी असे वर्ग चालवण्याची तरतूद १९९४ च्या कायद्यात झाली आणि १९९८ पासून त्याला केंद्राचा मोठा निधी मिळू लागला. २०१७ मध्ये तिथल्या सरकारने हा निधी पूर्ण बंद करायचा प्रस्ताव ठेवला, पण संसदेने तो मानला नाही. कायद्यात नोंद आणि अर्थसंकल्पात रक्कम असली की भांडायला निदान जागा राहते. मोहीम म्हणून सुरू झालेलं काम एका परिपत्रकाने संपतं आणि ते करणाऱ्या बाईला कळतंही नाही की आपली नोकरी गेली, कारण ती नोकरी नव्हतीच.

माझं मत असं आहे की आपण होकार द्यावा, पण ‘सेवाभावी’ हा शब्द खोडून. महापालिकेच्या अंदाजपत्रकात वर्गांसाठी स्वतंत्र तरतूद हवी, शिकवणारीला लेखी नेमणूक आणि निदान किमान वेतनाच्या दराने तासाचे पैसे हवेत. धाकट्या भावंडांना सोबत आणायची मुभा, चालू स्थितीतला संडास आणि गेटवर दिवा हेही लिहून घेऊ. नाहीतर पहिल्या पावसात मुली गळतील. काही जणी म्हणतील, एवढ्या अटी घातल्या तर वर्ग दुसऱ्या संस्थेला जाईल. जाऊ शकतो. म्हणूनच शेजारच्या दोन वस्त्यांतल्या गटांशी आधी बोलून तिघींनी मिळून एकच पत्र द्यावं असं मला वाटतं. मसुदा लिहून आणला आहे. वाचून दाखवते, दुरुस्त्या सुचवा.