जुनी फेरारी की नवी?

मऊरानीपुरात राहून फेरारी घ्यायची, तर जुनी की नवी? सचिन तेंडुलकरला भेट मिळालेली ती 360 मोडेना: टर्बो नसलेलं व्ही-8 इंजिन, सुमारे 400 अश्वशक्ती. आजची 296 जीटीबी: टर्बो व्ही-6 आणि विजेची मोटर मिळून 830. मन जुनीकडे ओढतं. पण तिचा टायमिंग बेल्ट गाडी उभी असली तरी ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो. तुटला तर इंजिनच जातं. नवी बिघडली, तर कंपनीच्या संगणकाशिवाय इलाज नाही. इथून दोघींचंही वर्कशॉप लांबच. वरून, परदेशातून तीन वर्षांहून जुनी गाडी सहसा आणता येत नाही. भारतातलीच शोधावी लागते. मी जुनीच घेईन, पण सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी पाहून आणि बेल्टचे पैसे आधी बाजूला काढून. नोंदी नसतील, तर सौदा नाही.