शाळेसमोरचा पदपथ



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत मोठमोठे विषय मांडले गेले. माझ्या वाट्याला आलेला विषय सहा फूट रुंदीचा आहे: शाळेसमोरचा पदपथ आणि त्यावर उभी केलेली वाहने. मी कामगार चळवळीत वाढलेला माणूस. माझी शाळा अर्धवट सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत झाले. तेव्हा आपण माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. हिशेबाची मात्र जरूर ठेवावी.

पहिला हिशेब मोजमापाचा. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांचे मानदंड ठरवणारी संस्था. पदपथावर चालण्यासाठी निदान १.८ मीटर रुंदी मोकळी असावी, असे तिचे सांगणे आहे. आपल्या स्कूटरची लांबी जवळजवळ तेवढीच असते. म्हणजे एक स्कूटर आडवी लावली की पदपथ बंद! मोटारीची दोन चाके वर चढवली, तर उरलेल्या फटीतून पाठीवर दप्तर घेतलेले मूल जाऊ शकत नाही. ते खाली रस्त्यावर उतरते. पहिली-दुसरीतले मूल उंचीने सव्वा मीटरही नसते, आणि मोटार असते दीड मीटर. त्या आडोशातून मूल बाहेर येईपर्यंत मागून येणाऱ्या चालकाला ते दिसतच नाही. ताशी ३० किलोमीटर हा वेग काही फार नव्हे. तरी त्या वेगात वाहन एका सेकंदात आठ मीटर पुढे जाते. पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो एक सेकंद निघून गेलेला असतो. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. ती सगळी शाळेपुढे मेली असे मी म्हणत नाही. पायी चालणाऱ्याला रस्त्यावर उतरवणे म्हणजे त्याला कुठे ढकलणे आहे, एवढेच या आकड्यांवरून समजून घ्यावे.

दुसरा हिशेब वेळेचा. वाहन पदपथावर लावणारे कोण? ते गुंड नव्हेत. मुलाला घ्यायला आलेले आईबाप, शाळेच्या फेऱ्या करणारे ऑटोवाले, समोरच्या दुकानातले गिऱ्हाईक. सगळी आपलीच माणसे. त्यांना हटकले तर उत्तर ठरलेले असते: “दोनच मिनिटं लागते ना जी!” आणि ते खरेही असते. पण समजा, एका शाळेत दीडशे पालक वाहन घेऊन येतात आणि प्रत्येक जण दोनच मिनिटे थांबतो. एकूण तीनशे मिनिटे झाली. ही तीनशे मिनिटे शाळा सुटण्याच्या वीस मिनिटांत भागवायची, म्हणजे त्या वेळात कोणत्याही क्षणी पंधरा वाहने तिथे उभी असणारच. दीडशे माणसांपैकी एकही खोटे बोलत नाही. तरी पदपथ एक क्षणभर मोकळा होत नाही. म्हणून एकेकाशी बाचाबाची करण्यात अर्थ नाही. एकाला हाकलले की त्याच्या जागी दुसरा येतो. टायरची हवा सोडण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. वाहन तिथेच अडकून पडते आणि वैर तेवढे पदरात पडते.

तिसरा हिशेब न्यायाचा. यवतमाळ असो, पुसद असो, वणी किंवा दिग्रस असो, ज्याच्या घरी वाहन आहे त्याचे मूल वाहनावर येते. जिनिंगमधल्या मजुराचे आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईचे मूल पायी येते. म्हणजे पहिल्या मुलाला शाळेच्या अगदी दारात उतरवण्याची सोय दुसऱ्या मुलाच्या वाटेवर उभी आहे. सबंध रस्त्यात खिशात पैसा नसलेल्या माणसाच्या नावाने राखलेली पट्टी एकच, ती म्हणजे पदपथ. तीही गेली, तर सार्वजनिक रस्ता हे नाव फुकाचे आहे.

कायद्याची वाण आहे असे कोणी समजू नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२२ व्या कलमाने धोका किंवा अडथळा होईल असे वाहन उभे करण्यास मनाई केली आहे. १२७ वे कलम असे वाहन उचलून नेण्याचा अधिकार देते. १९८९ च्या नियमांत शाळेच्या आणि इस्पितळाच्या दाराजवळ वाहन लावू नये असे होते. २०१७ साली त्यांच्या जागी आलेल्या नियमावलीतही पदपथावर वाहन लावण्यास बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातला सर्वसाधारण दंड पहिल्या गुन्ह्याला शंभरावरून पाचशे रुपयांवर नेला. रस्त्यावरचे अडथळे दूर करणे हे नगरपरिषदेचे कर्तव्य १९६५ च्या अधिनियमात सांगितले आहे. आणि तो अधिनियम झाला तेव्हा आपल्याच पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक राज्याचे मुख्यमंत्री होते. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर वापरण्याजोगा पदपथ मिळणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे सांगितले.

याच न्यायालयाचा १९८५ सालचा मुंबईच्या पदपथवासीयांचा निकाल आम्हा कामगार कार्यकर्त्यांना विशेष आठवतो. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात मोडतो, असे न्यायालयाने त्यात मानले. तरीही पदपथ चालणाऱ्यांसाठी आहे, तो अडवण्याचा हक्क कोणाला नाही, असेही सांगितले. ज्याला निजायला दुसरी जागा नव्हती त्याला जो हक्क मिळाला नाही, तो दोन मिनिटांच्या मोटारीला कोठून मिळणार?

पण कायदा म्हणजे शिपाई, आणि शिपाई रोज प्रत्येक शाळेपुढे उभा राहू शकत नाही. तेव्हा उपाय संघटनेचाच. आमच्या चळवळीत मागणी करण्यापूर्वी मोजणी करतात. पालकांपैकी चौघांनी एक आठवडा वही घेऊन उभे राहावे. कोणत्या वेळी किती स्कूटरी, किती ऑटो, किती मोटारी, एवढेच लिहावे. कोणाचे नाव नको, नंबर नको. मग मुख्याध्यापक, पालक, ऑटोचालक, दुकानदार, नगरपरिषदेचे अधिकारी आणि वाहतूक पोलीस यांना एका टेबलाशी बसवावे. तिथे ऑटोवाला पहिला प्रश्न विचारील: “भाऊ, आमी उभं रायाचं कुठी?” त्याच्या फेऱ्यांवर त्याची चूल पेटते. या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे. शंभर पावलांवरची मोकळी जागा, नाहीतर शाळेच्या मैदानाची एक कड आखून द्यावी, आणि मग पदपथ सोडायला सांगावे.

लहान आणि मोठे वर्ग वीस मिनिटांच्या अंतराने सोडावेत. वाहने दोन पाळ्यांत वाटली जातात आणि पंधराची सात-आठ होतात. जिथे पर्यायी वाट आहे, तिथे शाळा भरताना आणि सुटताना समोरचा रस्ता थोडा वेळ वाहनांना बंद ठेवावा. इटलीत बोल्झानो गावाने १९८९ पासून हा पाऊण घटकेचाही नसलेला, पंधरा मिनिटांचा प्रयोग चालवला आणि पुढे युरोपातल्या अनेक शहरांनी तो उचलला. इतके झाल्यावर पंधरा दिवसांची सूचना लावावी, आणि त्यानंतर दंड करावा. तो सर्वांना सारखा. नगरसेवकाची गाडी सुटली की ठराव तिथेच मेला असे समजावे.

आपल्या लोकांना शिस्तच नाही, असे सुशिक्षित मंडळी म्हणतात. ते मला मान्य नाही. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. त्यानंतरच्या हंगामांत खरेदी केंद्रांपुढे बैलगाड्यांच्या लांबच लांब रांगा लागत. अंगठाबहाद्दर शेतकरी थंडीत गाडीखाली निजत, पण आपला नंबर येईपर्यंत रांगेत राहत. रांग सर्वांना ठाऊक होती आणि सर्वांना सारखी होती, म्हणून ती टिकली. त्यांचीच मुले-नातवंडे आज स्कूटरीवर बसली आहेत.

विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात. मध्ये दोन महिने आहेत. येथे बसलेल्या प्रत्येक मोहल्ल्यातल्या चार माणसांनी शाळा उघडताच पहिल्या सोमवारी वही घेऊन आपल्या शाळेपुढे उभे राहावे, इतकीच माझी विनंती आहे.