पेट्रोलचा पंप कुठे बसवायचा?



कबनूर-इचलकरंजीच्या पट्ट्यात यंत्राला हात घालायला कुणी घाबरत नाही. इथल्या एखाद्या फिटरने उद्या म्हटलं, मी विमान बांधतो, तर हसू नका. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. कौतुक झालं ते गच्चीचं. मला मात्र आज अशा विमानाच्या पोटात शिरायचं आहे, तेही एका पंपापुरतं.

पंख छतावर असतील तर प्रश्न बराचसा मिटतो. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या सेस्ना १७२ मध्ये पेट्रोल पंखातल्या टाकीतून आपल्या वजनानेच खाली उतरतं. पंख खाली असले की टाकी इंजिनच्या खाली जाते, मग पंप लागतोच. रिवाज दोन पंपांचा. एक इंजिनवरच चालतो, त्याची जागा ठरलेली. दुसरा विजेचा, टेक-ऑफला, लँडिंगला आणि पहिल्याने दगा दिला तर. याची जागा बांधणाऱ्याने ठरवायची. मोह होतो तो इंजिनच्या खोलीत, तिला केबिनपासून वेगळं करणाऱ्या पडद्यावर, म्हणजे फायरवॉलवर बसवण्याचा. जागा मोकळी असते, हात सहज पोचतो.

पंचगंगेवर मोटर बसवलेल्या शेतकऱ्याला विचारा, तो नाही म्हणेल. पंप मुळात पाणी ओढत नाही. तो पाइपातला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा नदीचं पाणी वर ढकलते. हवेची ही ताकद समुद्रसपाटीला फार तर ३४ फुटांची, व्यवहारात वीस-बावीस फुटांवर गाडी अडते. म्हणून मोटर पाण्याजवळ ठेवायची, डिलिव्हरी मग हवी तेवढी लांब न्या. सक्शनचा एखादा जोड ढिला असला तर तिथून पाणी गळत नाही, उलट हवा आत शिरते आणि मोटर पाणी सोडते. विमानातही तेच. ओढणाऱ्या बाजूचा दोष डाग पाडत नाही, म्हणून तो सापडत नाही.

कुणी म्हणेल, विमानात पेट्रोल चढायचं ते दोन-तीन फूट, त्याचं एवढं काय? खरं आहे, उंचीचं काहीच नाही. भांडण वाफेशी आहे. पेट्रोल पाण्यासारखं शंभर अंशांची वाट पाहत नाही. नळी तापली आणि वरून पंपाने दाब कमी केला की ते नळीतच उकळू लागतं. द्रवासाठी बनवलेल्या पंपाला वाफ पेलत नाही, आणि इंजिन उपाशी राहतं. त्यात दहा हजार फुटांवर हवेचा दाब खालच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास उरतो. विमानाचं खास पेट्रोल कमी वाफाळतं, मोटारीचं जास्त. आपल्याच उसातून निघालेलं इथेनॉल आता मोटारीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत असतं. ते पाणी शोषतं आणि काही जातींच्या रबराला मानवत नाही. इंजिन बनवणाऱ्याने लेखी परवानगी दिल्याशिवाय असं पेट्रोल टाकीत ओतू नये.

तेव्हा पंप टाकीच्या जवळ, शक्य तितका खाली आणि इंजिनच्या उष्णतेपासून दूर. पुष्कळजण तो फायरवॉलच्या मागे, केबिनच्या तळाशी बसवतात. एका पंपात काम भागतं, पण टाकी निवडायची चावी आणि तिच्या जोडांमधून पेट्रोल ओढावं लागतं, आणि गळती झालीच तर ती वैमानिकाच्या पायाशी. दुसरी पद्धत म्हणजे प्रत्येक पंखाच्या मुळाशी एकेक पंप. वजन वाढतं, खर्च वाढतो, वायरिंग वाढतं. तरीही दख्खनच्या एप्रिल-मेचा विचार केला तर माझं मत या दुसऱ्या पद्धतीला. बारीक जाळीचा फिल्टर मात्र पंपाच्या पुढे, ढकलणाऱ्या बाजूला ठेवा. मागे नुसती मोठ्या क्षेत्रफळाची जाड जाळी पुरे. पंप उघडून पाहता येईल असं झाकणही आखणीतच धरा, नाहीतर पंखाचा पत्रा कापावा लागेल.

दोन्ही पंप विजेचे असतील तर त्यांना एकाच फ्यूजवरून वीज देऊ नका. आणि पहिल्या उड्डाणाआधी भर दुपारी इंजिन चांगलं तापवा, बंद करा, थोड्या वेळाने पुन्हा सुरू करून पूर्ण वेगात चालवा. इंधनाच्या दाबाचा काटा थरथरला, तर त्या दिवशी विमान जमिनीवरच ठेवा.