मनोऱ्यासमोर बंद पडलेले यंत्र

तंजावर म्हटले म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सरस्वती महाल, तेथील मोडी कागदांचे रुमाल आणि बृहदीश्वराचे शिखर उभे राहते. समुद्र काही उभा राहत नाही. परंतु या जिल्ह्याला दक्षिणेकडे पाल्कच्या उपसागराचा किनारा लाभला आहे, आणि त्यावर मल्लिपट्टणम नावाचे कोळ्यांचे एक गजबजलेले बंदर आहे. त्याच्या जवळच दुसऱ्या सरफोजीराजांनी १८१४-१५ मध्ये बांधविलेला आठ मजली मनोरा आहे. नेपोलियनचा पाडाव झाला म्हणून तंजावरच्या मराठी राजाने समुद्रकाठी मनोरा उभारावा, हा इतिहासाचा एक चमत्कारिक विनोदच म्हणावयाचा!

या मनोऱ्याच्या समोर, एका पहाटे, माझी होडी बंद पडली. माझी म्हणजे मी तिच्यात बसलो होतो एवढेच. होडी एका वृद्ध कोळ्याची. सोबत त्याचा तरुण पुतण्या, आणि दुभाषे म्हणून तंजावरचेच, घरी मराठी बोलणारे माझे एक स्नेही.

या किनाऱ्यावरील पुष्कळ होड्यांना डिझेलची यंत्रे असतात. त्यांचा प्रश्न निराळा. ही होडी फायबरची होती, आणि तिच्या पाठीशी टांगलेले यंत्र पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे होते. रॉकेलची वाफ सहजी होत नाही, म्हणून थंड यंत्र त्यावर पेट घेत नाही. ते आधी पेट्रोलवर चालवावयाचे, चांगले तापले म्हणजे तोटी फिरवून रॉकेलवर आणावयाचे. पेट्रोलचा डबा लहान, रॉकेलची टाकी मोठी.

निघालो तेव्हा सारे ठीक होते. तोटी फिरली आणि दहा-बारा मिनिटांनी यंत्राचा आवाज बारीक झाला, दोन आचके बसले, आणि सर्वत्र शांतता पसरली. पहाटेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. होडी हळूहळू बाहेर सरकू लागली. नकाशात ही गोष्ट किरकोळ दिसते. पण याच पाण्यात १९७४ च्या कराराने आखलेली भारत आणि श्रीलंका यांची सागरी सीमा आहे, आणि ती पाण्यावर दिसत नाही. यंत्र बंद पडलेली होडी रात्रीतून त्या रेषेपलीकडे वाहत गेली, तर तिच्यातील माणसांना परक्या देशाच्या तुरुंगाची वाट दिसू शकते. पुतण्याच्या चेहऱ्यावर ती काळजी मला स्पष्ट दिसली.

मी माझे पुस्तकी ज्ञान पुढे केले. ‘‘रॉकेलात पाणी शिरले असेल,’’ असे म्हणालो. वृद्धाने मान हलविली, पण हात दुसरीकडेच नेला.

कारब्युरेटर हे नाव बोजड असले, तरी त्याचे काम घरच्या अत्तरदाणीसारखे आहे. नळीचा गळा एके ठिकाणी आवळला, की त्यातून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे बाजूच्या बारीक छिद्रातून इंधन वर ओढले जाऊन त्याचा फवारा होतो. हा गुण इटलीच्या व्हेंतुरीने १७९७ मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी सरफोजीराजे गादीवर आले. एक लिटर पेट्रोल नीट जळावयास सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. इंधन थोडेसे कमी पडले तरी यंत्र खोकते, अधिक झाले तर गुदमरते. म्हणून खाली एक लहानशी वाटी असते. तिच्यात तरंगणारा फ्लोट सुईच्या साहाय्याने इंधनाची पातळी एकसारखी ठेवतो.

टाकीपासून या वाटीपर्यंतचा रस्ता मात्र लांब असतो: टाकी, नळी, हाताने दाबावयाचा रबरी फुगा, गाळणी, पंप. वाट चुकलेल्याचा शोध घ्यावयाचा, तर तो जेथून निघाला तेथून सुरुवात करावी. वृद्धाने तेच केले. पण त्यापूर्वी त्याने तोटी पुन्हा पेट्रोलकडे वळविली व दोरी ओढली. यंत्र सुरू झाले! मला वाटले, संकट टळले. त्याने ते मुद्दाम बंद केले. लहान डब्यातले पेट्रोल किनाऱ्यापर्यंत पुरेल याची खात्री नव्हती. त्याला फक्त उत्तर हवे होते, आणि ते मिळाले होते. पेट्रोलवर यंत्र चालते, त्या अर्थी ठिणगी आहे, पंप आहे, कारब्युरेटर मोकळा आहे. दोष तोटीच्या अलीकडे, रॉकेलच्या बाजूलाच असला पाहिजे. पाऊण रस्ता त्याने एका दोरीच्या हिसक्यात वगळला होता. न्यायाधीशाने साक्षीदार तपासावेत तसा हा प्रकार!

मग त्याने रॉकेलच्या नळीवरील फुगा माझ्या हातात दिला. तो चपटा होऊन बसला होता. दाबून सोडला तरी फुगेना. फुगा दाबून कधीच घट्ट होत नसेल, तर नळीत कोठेतरी हवा शिरते आहे असे समजावे. फुगा दाबीत राहिले असता यंत्र चालते आणि सोडला की मरते, तर पंप थकला आहे. पण फुगा असा पोटाला चिकटला, तर त्याच्या मागचा रस्ता बंद आहे. वृद्धाने टाकीच्या झाकणावरील लहानसा स्क्रू एक फेरा सैल केला. आतून सुस्कारा ऐकू आला, आणि माझ्या हातातील फुगा हळूहळू गोल झाला.

टाकीतून रॉकेल जात होते, पण त्याची जागा घ्यावयास हवा आत येत नव्हती. टाकी वाहून आणताना ते छिद्र बंद करावयाचे असते. होडीवर आल्यावर उघडावयाचे राहून गेले होते. पुतण्याने मान खाली घातली. काकांनी तोंडातून अवाक्षर काढले नाही.

परतताना त्याने मला आणखी काही गोष्टी सांगितल्या. यंत्र मंद चालते पण वेग दिला की मरते, तर मोठ्या जेटमध्ये कचरा आहे. वेगात धावते पण मंद राहत नाही, तर लहान जेटमध्ये. जेट साफ करताना त्यात तार घालू नये. छिद्र मोठे झाले की त्याचे माप गेले. फुंकरीने साफ करावे. अशा यंत्रात वंगण इंधनातच मिसळलेले असते. म्हणून उपाशी यंत्र ओढून ताणून चालविले, तर त्याचे दट्टेच जाम होतात. आणि दिवा किंवा काडी घेऊन गळती पाहू नये. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते व होडीच्या तळाशी साचून राहते. अलीकडे पेट्रोलमध्ये मिसळतात ते इथेनॉल पाणी शोषून घेते, हे मी त्यांना सांगितले. ‘‘म्हणूनच मी डबा अर्धा ठेवत नाही,’’ असे त्यांचे उत्तर माझ्या स्नेह्यांनी मराठीत करून दिले. अर्ध्या डब्यातील दमट हवा हीच पाण्याची वाट, हे त्यांना कोणी शिकविलेले नव्हते.

धक्का जवळ येताच वृद्धाने तोटी पुन्हा पेट्रोलकडे वळविली, आणि काही वेळ यंत्र तसेच चालू ठेवले. वाटीत रॉकेल राहिले, तर दुसऱ्या पहाटे थंड यंत्र जागे होत नाही. मग यंत्र बंद करून पुतण्याने टाकी खांद्यावर घेतली. झाकणावरचा तो लहानसा स्क्रू काकांनी स्वतःच्या हाताने आवळला.