गैरहजर मुलांची मोजदाद

(विश्रामबाग, सांगली येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी ही केवळ पाश्चात्त्यांची देणगी, असा आपल्याकडे समज आहे. इंग्लंडने १९०७ साली त्यासाठी कायदा केला हे खरे. पण १९०९ साली बडोदे शहरातही अशी तपासणी सुरू झाली होती. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले होते, त्यापाठोपाठ हे पाऊल पडावे यात सुसंगती आहे. ब्रिटिश अमलाची अखेर होताना, १९४६ साली, भोर समितीला मात्र देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच, असे नमूद करावे लागले.

आज धोरणांची वाण नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे झाला. दोन आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळेत एकदा जावे, अशी ही योजना. (विनाअनुदानित इंग्रजी शाळांत जाणारी आपली मुले या यादीत नाहीत, याची किती पालकांना कल्पना आहे?) प्रश्न आहे तो योजना सर्वांपर्यंत न्यायाने पोहोचते का, आणि ते ओळखायचे कसे, हा.

एखाद्या तालुक्यात शंभरपैकी नव्वद मुलांची तपासणी झाली, असे समजू. अहवाल उत्तम दिसतो. पण उरलेली दहा कोण? पथक आले त्या दिवशी जी शाळेत नव्हती, ती. बहुधा आजारी मूल, धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहिलेली मुलगी, आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेला मुलगा. ज्यांना तपासणीची गरज अधिक, नेमकी तीच सरासरीत बुडून जातात. दिवाळीच्या सुमारास गाव सोडणारे मूल गावच्या शाळेत गैरहजर असते आणि उसाच्या फडावर कोणाच्याच पटावर नसते. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहे झाली. तरी दोन्हीकडून निसटणारे मूल राहतेच.

दुसरे असे की, तपासणी ही पहिली पायरी. दोष आढळला, चिठ्ठी दिली, मूल रुग्णालयात पोहोचले, उपचार झाले, आणि शेवटी चष्मा नाकावर आला की नाही, ही पुढची साखळी. प्रत्येक कडीशी किती मुले गळली, हे मुलगे-मुली, तालुका, माध्यम आणि स्थलांतर अशा वर्गवारीने मोजले, तरच अन्याय नेमका कोठे होतो ते दिसते. विश्रामबागेतील मुलाला सांगलीचे वा मिरजेचे रुग्णालय रिक्षाच्या अंतरावर आहे. तीच चिठ्ठी जत तालुक्यातील उमदीच्या मुलाच्या हाती पडली, तर सांगली शंभर किलोमीटरच्या पुढे. शिवाय बापाचा रोजगार बुडतो. जतच्या पूर्व भागात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तेथे मराठीत छापलेली सूचना घरी कोण वाचणार? दोन्ही मुलांना एकच चिठ्ठी देणे हे समान वाटप झाले, न्याय्य वाटप नव्हे.

कागद आणि वस्तुस्थिती यांतील अंतराचे आणखी एक उदाहरण. किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची गोळी देण्याचा कार्यक्रम २०१३ पासून देशभर चालू आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या रक्तक्षयग्रस्त मुलींचे प्रमाण २०१५-१६ मधील ५४.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ५९.१ टक्क्यांवर गेले. मुलग्यांत ते ३१.१ टक्के होते. गोळी वाटली गेली एवढ्याने ती पोटात गेली, असे होत नाही. उलट, 'असर'च्या पाहणीने शाळेत स्वच्छतागृह आहे का एवढेच न विचारता, ते वापरण्याजोगे आहे का, हे प्रत्यक्ष पाहिले. ग्रामीण शाळांत मुलींसाठी वापरण्याजोगी स्वच्छतागृहे २०१० साली ३२.९ टक्के होती, ती २०१८ साली ६६.४ टक्के झाली. मोजमाप असे असावे.

पं. दीनदयाळजींच्या अंत्योदयाचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. १९७७ साली राजस्थानात भैरोंसिंह शेखावत यांच्या सरकारने त्या विचाराला योजनेचे रूप दिले, तेव्हा ग्रामसभेत गावातील सर्वांत गरीब पाच कुटुंबे निवडण्याची पद्धत ठेवली. गणना तळापासून सुरू झाली. शाळेतही हे करता येईल. पथक परतल्यावर हजर मुलांची नव्हे, तर गैरहजर मुलांची नावे शाळा व्यवस्थापन समितीपुढे वाचावीत आणि चिठ्ठी मिळालेल्या प्रत्येक मुलाची विचारणा तीन महिन्यांनी पुन्हा व्हावी. सांगली-मिरजेच्या रुग्णालयांत ओळख असलेले, मुलासोबत एक दिवस बसू शकणारे कार्यकर्ते विश्रामबागेत कमी नाहीत.

आणि पथकांची फेरी? ती दिवाळीपूर्वी, ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी, जतच्या पूर्व भागात आणि त्यानंतर शहरालगत, अशी लावता येते. त्याला नवा निधी लागत नाही; वेळापत्रकाचा क्रम तेवढा उलटा करावा लागतो.