दुष्काळात जन्मलेली समिती आणि देवबागचा किनारा



देवबागच्या एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये माडांनी धरून ठेवलेली वाळूची चिंचोळी पट्टी. अशा गावी दुष्काळाची आठवण काढणे विचित्र वाटेल. परंतु राष्ट्रीय स्वयंसेवक संघ जनकल्याण समितीचा उगम पाण्याच्या तांडवात नव्हे, पाण्याच्या अभावात आहे.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील विहिरी आटल्या, दावणीची जनावरे कवडीमोलाने विकली गेली, एरवी दुसऱ्यांना काम देणारे शेतकरी खडी फोडायला गेले. त्या वेळी स्वयंसेवकांनी उभारलेल्या साहाय्यकार्यातून ही समिती आकाराला आली. दुष्काळ ओसरला, समिती राहिली. एरवी मदत समित्या संकटासोबतच विसर्जित होतात आणि त्यांचा अनुभव दप्तरात पडून राहतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा या सातत्याची कसोटी लागली. ढिगारे उपसणे, अंत्यसंस्कार, अन्न, निवारा ही पहिल्या दिवसांची कामे. मग प्रश्न उरला मुलांचा. त्यांच्यासाठी लातूरजवळ हरंगुळ येथे निवासी विद्यालय उभे राहिले. घोंगडी एका दिवसात वाटता येते. शाळा वर्षानुवर्षे चालवावी लागते, आणि तिथे छायाचित्रकार फिरकत नाहीत. समितीच्या रक्तपेढ्या आणि घरच्या रुग्णासाठी खाट, चाकाची खुर्ची वापरायला देणारी साहित्य केंद्रे याच वृत्तीची.

आता हा किनारा पाहा. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकले. माड, आंबे, विजेचे खांब कोसळले. करोनामुळे पर्यटक नव्हतेच. निवास-न्याहारीवर चालणाऱ्या घरांची मिळकत आधीच थांबलेली. अशा वेळी निकड असते ती आडवा माड कापणाऱ्या करवतीची, छपरासाठी कौलांची, विहिरीचा पंप चालवणाऱ्या जनरेटरची. शहरातून येणारे जुन्या कपड्यांचे गठ्ठे इथे अडचणच करतात.

शिवाय तारकर्लीकडून येणाऱ्या रस्त्यावर चार माड पडले, तर बाहेरची मदत तिथेच थांबते. पहिले काही तास गावालाच गावाचा आधार. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे, करवत कोणाकडे, होडी कोणाची, शाळेच्या खोलीची किल्ली कोणाजवळ, हे आधी लिहून ठेवलेले हवे. त्यासाठी पावसाळ्याची वाट पाहता येणार नाही. तौक्ते मे महिन्यातच आले होते. शिमगा आटोपला की ही यादी हाती घ्यावयाची आहे, वाडीवाडीने, घराघरांत बसून.